शेवटून दुसरा

सकाळी कचेरीत येऊन खुर्चीला पाठ टेकतो न टेकतो तोच टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला, "आम्ही काय केलं, तेवढं सांगा." कोण बोलतंय, मी विचारलं. त्यानं आपल्या देशाचं नाव सांगितलं. लहानसा, डोंगराळ, दरड कोसळली तरच बातम्यांत येणारा देश. तिथल्या सांख्यिकी खात्याचा तो संचालक होता. आमची संस्था दरवर्षी जगातल्या देशांचा निर्देशांक काढते. कुठल्या देशातली माणसं किती जगतात, किती शिकतात, किती मिळवतात, बाहेरच्या जगाशी त्यांचं किती येणंजाणं, आणि चार देश जमले तर त्यांचं कोणी ऐकून घेतं का, हे सगळं एकत्र दळून त्याचा एक आकडा करायचा आणि त्या आकड्यांप्रमाणे वरपासून खालपर्यंत देशांची ओळ लावायची. यंदाच्या ओळीचा मसुदा मागच्या आठवड्यात सगळ्यांना गेला होता. या संचालकाचा देश कित्येक वर्षं शेवटून दुसरा असायचा. यंदा तो शेवटचा होता आणि त्याच्या नावापुढे आकडा होता शून्य.

"आम्ही होतो तिथंच आहोत हो," तो म्हणाला. "उलट दवाखाने वाढलेत. डोंगरावरच्या मुली शाळेत यायला लागल्यात. मग शून्य कसं काय?"

"तुमचं काही कमी झालेलं नाही," मी म्हणालो. "तुमच्या खालचे गेले."

"गेले म्हणजे?"

"यादीतून गेले. त्यांच्याकडून यंदा माहितीच आली नाही. लढाई चाललीय. माहिती द्यायला तिथं कोणी उरलेलं नाही."

 मग तो आवाज खाली आणून, एखाद्यानं उसनं मागावं तसं म्हणाला, "मग त्यांचं नाव तरी राहू द्या ना. आकडा नका देऊ. रिकामं ठेवा. पण आमच्या खाली ठेवा." साहेबांना विचारतो, असं सांगून मी फोन ठेवला.  मला त्याच्या देशाबद्दल काही वाटलं असं म्हणणं खोटं होईल. देशांबद्दल वाटत राहिलं असतं तर ही नोकरी इतकी वर्षं झालीच नसती. मला माझा भाऊ आठवला. त्याला जाऊन महिना होत आला होता. महिनाभर छातीत काहीतरी नुसतंच बोचत होतं, त्याला मी दुःख समजून चालवून घेत होतो, कारण भाऊ गेल्यावर माणसाला दुःखच होणार, दुसरं काय होणार. पण मघाचं वाक्य मी त्या परक्या माणसाला सांगितलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, तेव्हा बोचणारी वस्तू नीट हाताला लागली. माझ्याही खालचा गेला होता.

शून्याची गंमत लोकांना माहीत नसते. आमच्या ओळीत शून्य म्हणजे काहीच नसणं नव्हे. सगळ्यांत वरच्या देशाला शंभर द्यायचे, सगळ्यांत खालच्याला शून्य, आणि बाकीच्यांना मधल्या दोरीवर ज्याच्या त्याच्या अंतरानं टांगायचं. शून्यवाल्या देशातही माणसं जेवतात, भांडतात, लग्नं करतात, नळाला पाणी आलं की बादल्या घेऊन पळतात. पण कोणीतरी शून्य असावंच लागतं, नाहीतर दुसऱ्यांचे एकोणीस आणि चाळीस उभे कशावर राहणार? त्याला आम्ही खालचं टोक म्हणतो. पूर्वी हे टोक कायमचं ठरवलेलं असायचं, कुठल्याच देशाचं नसलेलं. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की ते ज्या त्या वर्षीच्या सर्वांत मागच्या देशावरच नेऊन बसवावं. आकडे पसरट दिसतात, वर्तमानपत्रांना आवडतात. त्या बैठकीत दोघंतिघं कुरकुरले, मी मात्र गप्प होतो. मला त्यात कुरकुरण्यासारखं काही दिसलंच नाही. ज्या घरात मी वाढलो तिथं दुसरी पद्धत नव्हती.

आमचे अण्णा गणिताचे मास्तर. आम्ही तिघं भावंडं त्यांच्याच शाळेत. सहामाहीचा निकाल लागला की त्या दिवसापासून आमची जेवायला बसायची ओळ बदलायची. ज्याला जास्त मार्क तो अण्णांच्या शेजारी, मग त्याच्या खालचा, आणि सर्वांत कमी मार्कांचा दाराशी, चपलांजवळ. आई त्याच क्रमानं वाढायची. ही शिक्षा नव्हती. अण्णांनी कधी कोणावर हात उगारला नाही, कोणाला कमी वाढू दिलं नाही. फक्त जागा. "माणसाला आपली जागा कळली की निम्मं काम झालं," असं ते म्हणायचे, आणि तेही गोड आवाजात. ताई कायम पहिली. तिच्या जागेला हात लावायची कोणाची टाप नव्हती. मी दुसरा. आणि माझा थोरला भाऊ दाराशी. तो एक वर्ष नापास होऊन माझ्या वर्गात आला, माझ्याच बाकावर बसला, तेव्हापासून तर आम्हाला शेजारी शेजारी ठेवून बघणं फारच सोपं झालं. गणितात त्याला इतक्यांदा भोपळा मिळाला की शाळेत, गल्लीत आणि शेवटी घरातही त्याचं नाव भोपळाच पडलं. आई तेवढी त्याला खऱ्या नावानं हाक मारायची. ती गेल्यावर ते नाव कोणाच्या तोंडी राहिलं नाही.

त्याला त्याचं काही वाटायचं नाही, निदान दिसायचं नाही. दाराशी वारा छान लागतो म्हणायचा. सगळ्यांचं वाढून झालं की पातेलं त्याच्यापाशीच येऊन थांबायचं आणि तो बुडाची खरवड काढून मिटक्या मारत खायचा. मी मात्र दुसऱ्या जागेवर एकदाही निवांत जेवलो नाही. डावीकडे मान वळवली की ताई. तिच्याइतकं आपल्याला व्हायचं नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्याचा फार त्रासही नव्हता. डोंगराशी कोण स्पर्धा करतो? माझं सगळं लक्ष उजवीकडे. तो आहे ना तिथं? आहे. मग घास गिळायचा. एकदा तो कुठल्यातरी मित्राकडे राहायला गेला होता आणि मी दाराशी आलो. कोणी मला तिथं बसवलं नव्हतं, ओळ आपोआप तिथं संपत होती. चपलांचा चामड्याचा वास नाकात जात होता. आईनं विचारलं, पोट दुखतंय का? मी हो म्हणालो, आणि न जेवता उठलो.

मोठेपणी काही बदललं असं नाही. ताई शिकून परदेशी गेली, तिथंच मोठ्या हुद्द्यावर चढली. बाहेरच्या जगाशी येण्याजाण्याचे सगळे मार्क आमच्या घरात तिला एकटीला. मला ही नोकरी लागली. भोपळ्यानं दोन धंदे काढले, दोन्ही बुडवले, आणि मग एका मित्राच्या रंगाच्या दुकानात बसू लागला. गिऱ्हाईक आपल्या भिंतीचा पोपडा घेऊन यायचं आणि हा डब्यातले रंग एकात एक मिसळून तसाच रंग करून द्यायचा. पुष्कळदा चुकायचा, आणि मग गिऱ्हाईकाला पटवायचा की रंग बरोबर आहे, तुमची भिंतच मळलीय. त्याची नखं कधी निळी, कधी विटकरी. लग्न केलं नाही, म्हणजे त्याला कोणी मुलगी दिली नाही. आई गेल्यावर अण्णा त्याच्याजवळ राहिले, दोन खोल्यांत. तेही कोणी ठरवलं नव्हतं. मी दर रविवारी फळं घेऊन जायचो. अण्णा शेजारच्यांना हाक मारून सांगायचे, "हा माझा मुलगा. जगातल्या देशांना मार्क देतो." चहा टाकता टाकता भोपळा आतून म्हणायचा, "आणि मला अण्णा देतात." सगळे हसायचे, मीही हसायचो. बाहेर पडताना मी हलका झालेला असायचो. माझ्यामागून नोकरीला लागलेले माझ्या पुढे गेले, बायकोच्या भावानं दुसरं घर बांधलं, माझं नाव अहवालात बारीक अक्षरातसुद्धा येत नाही, हे सगळं रविवारी तासाभरासाठी खाली बसायचं. मी तसा बराच आहे, असं वाटायचं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. वासरांचं तिला किती अगत्य असतं, हे कोणी त्या गायीला विचारत नाही.

तो दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या गेला. मी पोचलो तेव्हा दुकानवाल्या मित्रानं पुढचं सगळं हाती घेतलं होतं. भोपळ्याच्या डाव्या हाताच्या नखांत फिकट हिरवा रंग होता. तो कोणाच्या भिंतीचा, जमला होता की चुकला होता, याचाच मी विचार करत उभा राहिलो, कारण दुसरं काही मनात येऊ द्यायचं नव्हतं. अण्णा घरी खुर्चीत बसून होते. रडले नाहीत. भेटायला येणारा जो तो माझा हात हातात घेऊन म्हणायचा, "आता तुम्हीच." लोकांना काहीतरी बोलावं लागतं, तेही बिचारे काय करणार. पण त्या दोन शब्दांनी मी दर वेळी वीतभर दाराकडे सरकत होतो. एवढी माणसं खोलीत, आणि मला आपली उजवी बाजू उघडी पडल्यासारखी वाटत होती.

अण्णांचे पाय सुजतात. डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे दिले आहेत. सकाळी पाय जमिनीला टेकायच्या आत ते चढवायचे असतात. भाऊ गेल्यावर मी काही दिवस तिथं राहिलो, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. मोजा टाचेपाशी अडला, तिथंच गोळा झाला, अण्णांची करंगळी आत मुडपली. त्यांनी दातांतून हवा ओढली. मी आणखी जोर लावला. "राहू दे," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजे उशीखाली ठेवून दिले आणि मला शोधू दिले नाहीत. मी शेजारच्या बाईंना विचारलं, तो कसे चढवायचा? त्या म्हणाल्या, "कोणाला माहीत. आतून दोघांची बाचाबाची ऐकू यायची, मग हसणं, मग झालेलं असायचं." मग सकाळी एक बाई येऊन मोजे चढवू लागली, संध्याकाळी काढू लागली, दोन वेळचा डबा येऊ लागला. तीही पुढच्या आठवड्यात सोडून चालली होती. म्हणून ठरवायला हवं होतं.

संचालकाचा फोन ठेवून तास झाला असेल, तेवढ्यात ताईचा आला. ती नेहमी बैठकीला निघाल्यासारखी बोलते. "ऐक, मी म्हटलं होतं त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. खिडकीची आहे. लोकांनी त्यांना साडेचार तारे दिलेत."

"रिकामी कशी झाली?"

"कशी होणार?" ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. की तू नेतोयस त्यांना तुझ्याकडे? बायकोचं काय म्हणणं?"

"ती आणा म्हणतेय. पहिल्या दिवसापासून म्हणतेय."

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मला अण्णांना न्यायचं होतं. अगदी मनापासून न्यायचं होतं. पण ते मी एकदाही त्यांना विचारलेलं नव्हतं, कारण विचारलं की उत्तर येणार. ते "येतो" म्हणाले तर रोज सकाळी मला त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसावं लागणार आणि मेलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहावं लागणार, ज्याचे मार्क आता कमी होऊ शकत नाहीत. तेही मी सोसलं असतं. पण ते "नको" म्हणाले तर? पोटचा एकच मुलगा जवळ उरलाय, तो घरी चला म्हणतोय, आणि माणूस तारे मोजून परक्यांकडे जातोय, तर मग त्या मुलाला म्हणायचं काय? त्यांनी एकदा "येतो" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काहीही सोसायला तयार होतो. "आज विचारतो," मी ताईला म्हणालो. ती म्हणाली, "विचार काय, सांग."

दुपारी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब तसे भले आहेत, फक्त त्यांना एकाच वेळी दोन कामं करायची सवय आहे आणि त्यातलं एक काम म्हणजे समोरच्याचं ऐकणं. संचालकाच्या फोनचं सांगून मी म्हणालो, त्या गेलेल्या देशाचं नाव तळाशी नुसतं ठेवता येईल का, आकड्याशिवाय. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आकडा नाही तर क्रमांक कसा लागणार?"

"क्रमांक नको. नुसतं नाव."

"कशासाठी?"

"होते म्हणून."

आता त्यांनी मान वर केली. "अहो, आपण अहवाल काढतोय की शोकसभा घेतोय? जे मोजता येत नाही ते आपल्याकडे नसतं. त्यात वाईट असं काही नाही, नुसतं नसतं." मग त्यांना त्या संचालकाची आठवण झाली आणि ते हसले. "दगडापेक्षा वीट मऊ म्हणायला आधी दगड लागतो. त्यांना म्हणावं, यंदा दगड नाही." मीही हसलो, साहेबांसमोर हसावं लागतं. पण खोलीबाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या संचालकाला लढाईत बुडालेल्या त्या खालच्यांची काही कणव आली नव्हती. त्याला ते खाली हवे होते. मेले तरी चालेल, पण खाली. आणि मी त्याच्यासाठी साहेबांकडे भांडायला गेलो ते काही उगीच नाही. मला माझा भाऊ परत हवा होता का? हवा होता. रात्रंदिवस हवा होता. पण दाराशी. हे इतकं स्वच्छ दिसलं की पाण्याचा पेला हातात तसाच राहिला. मागे दोघं जण उभे होते, त्यांतला एक म्हणाला, "झालं का हो?"

संचालकाला मी फोन लावला. नाही जमत, म्हणालो. तो "बरं" म्हणाला. वाद घालेल असं वाटलं होतं, घातला नाही. "आता छापून येईल आमच्याकडे," तो म्हणाला. "माझी बायको शाळेत शिकवते. मुलं विचारतील तिला, आपण खरंच जगात शेवटचे का? सांगेल काहीतरी. हुशार आहे ती." मग त्यानं माझे आभार मानले. कशाबद्दल ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं.

कचेरीतून लवकर निघून मी अण्णांकडे गेलो. ऊन अजून होतं. त्यांच्या खोलीच्या एका भिंतीवर भोपळा दुकानातला उरलेला रंग लावून बघायचा, हाताच्या पंजाएवढे तुकडे, शेजारी शेजारी, शेकड्यानं. जमलेले, चुकलेले, सगळे. कोणी आलं की अण्णा म्हणायचे, भिंतीला गोवर आलाय. आता त्यांनी आपली खुर्ची त्या भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मी आत गेलो तरी त्यांनी ती वळवली नाही, म्हणून मीच पुढे जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. माझ्यामुळे त्यांना दिसायचं बंद झालं, हे लक्षात येऊन जरा बाजूला झालो.

"अण्णा, माझ्याकडे चला," मी म्हणालो. रस्ताभर जे जुळवलं होतं ते सगळं उडून गेलं, नुसतं एवढंच उरलं.

"कशाला?"

"राहायला. लिफ्ट आहे. बाथरूममध्ये धरायला दांडी लावून घेतो. खोली पूर्वेची आहे, ऊन येतं. दवाखाना जवळ आहे." माझं मलाच ऐकू येत होतं. मी त्यांना एका देशाची माहिती देत होतो.

"तू कचेरीत जाणार."

"ती असते की दुपारनंतर. आणि सकाळी मी आहेच."

"आणि मोजे?"

"मी घालीन. शिकेन मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं, किती दिवसांनी. "तुला नाही जमायचं रे ते," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांना सगळं येत नसतं." आवाज मऊ होता, पाठीवरून हात फिरवल्यासारखा. हे वाक्य, हाच आवाज, मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकला होता, पण माझ्या उजवीकडे बसलेल्याला म्हटलेला. तेव्हा तो ऐकताना मला ऊबदार वाटायचं. आता तोच आवाज अंगावर आला आणि कळलं की त्याच्यात किती गारठा असतो. इतकी वर्षं या गारठ्यात तो बसला आणि वर वारा छान लागतो म्हणाला.

"तो माझ्यापेक्षा बरा होता का?" मी विचारलं. असं विचारायचं नव्हतं. या वयात कोणी बापाला असं विचारत नाही.

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "बरा कसला? रोज दूध उतू घालवायचा. दिवा चालू ठेवून झोपायचा. खोटंही बोलायचा, जेवून आलोय म्हणून." थांबले. "पण असायचा."

पुढं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात जरासा वर केला, वर्गात गलका झाला की करायचे तसा. "ताई कुठल्या जागेचं म्हणत होती? किती तारे आहेत म्हणाली?"

"साडेचार."

"पाचांपैकी?"

"हो."

"नव्वद टक्के," ते म्हणाले. "वाईट नाही." मग माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ते घाईनं म्हणाले, "तुझं चांगलं चाललंय. चालू दे. येत जा अधूनमधून." मी खाली उतरून ताईला कळवलं. ती म्हणाली, "बघ, उगाच ताणत बसला होतास." त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "नीट विचारलंत ना?" मी म्हणालो, नीटच विचारलं. तिनं अण्णांसाठी रिकामी केलेल्या कपाटात आपल्या साड्या पुन्हा लावल्या, एकेक, आवाज न करता. तिला वाईट वाटलं होतं. मला तिचा राग आला, कारण तिला जे वाटलं ते साधं होतं.

निर्देशांक त्याच आठवड्यात प्रसिद्ध झाला. वरच्या दहा देशांची चर्चा झाली, कोण कोणाला ओलांडून गेलं त्याची झाली. तळाची ओळ फारसं कोणी वाचत नाही, ती फक्त तिथं असावी लागते. मी ती वाचली. संचालकाच्या देशाखाली कोरा कागद होता, आणि मग पानाचा आकडा.

रविवारी मी अण्णांना घेऊन निघालो. त्यांच्याजवळ एकच बॅग होती आणि तिच्यात विशेष काही नव्हतं. निघताना त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. गाडीत ते खिडकीशी बसले आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात वाचत राहिले, ओठ हलत होते. मी दोनदा म्हणालो, अजून वेळ गेलेली नाही, गाडी आपल्या घराकडे वळवू. पहिल्या वेळी ते "हं" म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ, आणि मग उचलून परत आपल्या मांडीवर घेतला. त्या हाताचा अर्थ लावत मी उरलेला रस्ता काढला. एकदा वाटलं, आता म्हणतील, वळव. 

ती जागा स्वच्छ होती. फरशीला फिनेलचा वास, कडेनं धरून चालायला भिंतीभर लाकडी कठडा, खोल्यांची दारं अर्धी उघडी, आणि प्रत्येक दारातून एकेक चेहरा आम्हाला बघत होता. तिथल्या व्यवस्थापक बाई पुढे आल्या. गोल चेहऱ्याच्या, हसतमुख, कोणाकडे कानाडोळा न करणाऱ्या. कागदपत्रांचं ताईनं तिकडूनच सगळं उरकलं होतं, त्यामुळे यांना मी अनोळखी. त्यांनी अण्णांचा कोपर धरून त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून बसल्या आणि गप्पांना सुरुवात करावी तसं म्हणाल्या, "काय आजोबा, घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगा होता," अण्णा म्हणाले. "गेला. मुलगी आहे, परदेशात असते."

"अरेरे," बाई म्हणाल्या. त्यांनी अण्णांच्या हातावर हात ठेवला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दारात उभा होतो, बॅग हातात तशीच. "आणि आपण कोण?"

 अण्णा सांगतील म्हणून मी थांबलो. त्यांना ऐकू गेलं होतं, ते माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विसर नव्हता, काहीही नव्हतं. बाई वाट बघत होत्या.  मी बॅग खाली ठेवली.

"मी त्यांना सोडायला आलोय," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली, मुलाचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी.